देणें, घेणें आणि उतरणें

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत वालूर नांवाचें एक जुनें गांव आहे. गांवांत पाहण्यासारखें पुष्कळ असलें तरी बाहेरचा माणूस जातो तो तेथील बारव पाहण्यासाठीं. बहुतेक बारवांच्या पायऱ्या सरळ रांगेनें पाण्याकडे जातात. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या मात्र शंखाच्या वळणाप्रमाणें गोल फिरत फिरत खालीं गेल्या आहेत. अलीकडच्या वर्षांत गांवकऱ्यांनीं आणि स्वयंसेवकांनीं खपून ती उपसली व मोकळी केली. मीं ती प्रथम पाहिली त्याला पुष्कळ वर्षें झालीं. तेव्हां केर आणि झुडपें इतकीं माजलेलीं होतीं कीं खालच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या.

त्या दिवशीं माझ्याबरोबर गांवांतील एक वृद्ध गृहस्थ होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. मीहि तेंच म्हणतों. बारवेच्या कांठावर बसून ते सहज बोलत होते : "लहानपणीं आम्ही पोरं पार तळापर्यंत उतरायचो. पोहण्यापायीं शाळा बुडायची, त्यामुळं गुरुजींच्या मनांतून मी कायमचा उतरलो. शेवटच्या परीक्षेला परगांवीं एका नातलगाकडं उतरलो होतो. इंग्रजीचा पेपर हातांत पडला अन् तोंडच उतरलं."

ह्या परीक्षेची हकीकत त्यांनीं सांगितली ती अशी. साल १९४६. इंग्रजीच्या पत्रिकेंत चार वाक्यें भाषांतरासाठीं आलीं होतीं. चारहि वाक्यांत क्रियापद एकच, 'गिव्ह'. फक्त त्याच्या पुढें एकांत 'अप', दुसऱ्यांत 'इन', तिसऱ्यांत 'आउट' आणि चौथ्यांत 'अवे' हे शब्द होते. भाषांतर करावयाचें होतें उर्दूंत, कारण शाळा निजामाच्या राज्यांतली. अण्णांना 'गिव्ह' म्हणजे 'देना' एवढें पक्कें पाठ होतें. त्यांनीं चारहि ठिकाणीं 'देना' लिहिलें आणि मागच्या इवल्या शब्दांचे 'वर', 'आंत', 'बाहेर', 'दूर' असे अर्थ त्याला जोडून दिले. इंग्रजींत दोन गुण कमी पडले. वडिलांनीं पुन्हा परीक्षेला पाठविलें नाहीं. शेत होतें, मनुष्यबळ हवें होतें. अण्णांचा जन्म शेतांत गेला. त्यांच्या सांगण्यांत तक्रार नव्हती. पण अर्धें शतक लोटल्यावरहि त्यांना ते चार शब्द क्रमानें आठवत होते, आणि त्यांनीं मला विचारलें, "त्या एवढ्याशा शब्दांत असं असतं तरी काय हो?"

आजचें माझें भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरां दिलेलें उत्तर आहे.

इंग्रजी शिकतांना आपल्यापैकीं प्रत्येकाची ह्या शब्दांशीं गांठ पडलेली आहे. 'पुट' म्हणजे ठेवणें. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढें ढकलणें, 'पुट आउट' म्हणजे विझविणें, 'पुट अप' म्हणजे मुक्कामाला राहणें, आणि त्यालाच आणखी एक 'विथ' चिकटला कीं निमूटपणें सोसणें! बॉम्बहि 'गो ऑफ' होतो आणि दूधहि 'गो ऑफ' होतें. पहिला उडतो, दुसरें नासतें. आपल्या शाळेंत ह्या शब्दांना सरसकट 'प्रिपोझिशन' म्हणजे शब्दयोगी अव्ययें म्हणण्याची चाल आहे. ती सर्वस्वीं बरोबर नाहीं. 'टर्न ऑफ द रोड' म्हणजे रस्ता सोडून वळणें. येथें 'ऑफ' हा रस्त्याचा सोबती आहे. परंतु 'टर्न ऑफ द लॅंप' ह्यांत तो दिव्याचा नव्हे, क्रियापदाचा सोबती आहे. म्हणून 'टर्न द लॅंप ऑफ' असें म्हणतां येतें, 'टर्न द रोड ऑफ' असें म्हणतां येत नाहीं. हा भेद जर अण्णांच्या पिढीला कोणीं नीट समजावून दिला असता तर तो शब्द नामाच्या गळ्यांत बांधावा कीं क्रियापदाच्या, हें तरी त्यांना कळलें असतें.

हे शब्द इंग्रजींत क्रियापदाच्या मागें पूर्वींपासून होते असें नाहीं. हजार-बाराशें वर्षांपूर्वींची इंग्रजी ही जर्मन कुळांतील आपल्या बहिणींसारखी होती. तिच्यांत असले शब्द बहुधा क्रियापदाच्या आधीं, त्याला चिकटून येत. त्या रचनेचे अवशेष अजून भाषेंत उभे आहेत : 'अंडरस्टॅंड', 'विथस्टॅंड', 'अपहोल्ड', 'ओव्हरटेक'. ह्यांतल्या 'विथ'चा अर्थ त्या वेळीं 'विरुद्ध' असा होता, म्हणूनच 'विथस्टॅंड' म्हणजे विरोधांत टिकून उभें राहणें. पुढें उत्तरेकडून नॉर्स लोक इंग्लंडांत येऊन वसले. 'टेक' आणि 'गेट' हीं दोन क्रियापदें त्यांच्याकडूनच आलीं. त्यांच्या बोलींत असे शब्द क्रियापदामागें येण्याची प्रवृत्ति होती, आणि इंग्रजीनें ती उचलली असें कांहीं पंडित मानतात. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं राज्य घेतलें. त्यांच्याबरोबर फ्रेंच शब्दांचा आणि त्यामागून लॅटिन शब्दांचा लोंढा आला. दरबार, न्याय आणि विद्या ह्यांत 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'सरेंडर' अशीं भारदस्त क्रियापदें बसलीं. स्वयंपाकघरांत आणि शेतांत मात्र 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' आणि 'गिव्ह इन' वाढत राहिलीं. जुने उपसर्ग मागें पडले आणि तेच शब्द क्रियापदाच्या पुढून उठून त्याच्या मागें जाऊन बसले. जागा बदलली कीं अर्थहि बदलतो : 'अपहोल्ड' म्हणजे उचलून धरणें, 'होल्ड अप' म्हणजे अडविणें, 'ओव्हरटेक' म्हणजे मागें टाकणें, 'टेक ओव्हर' म्हणजे ताबा घेणें.

ह्या जोडशब्दांची अडचण केवळ आपणांसच वाटते असें नव्हे. डॉक्टर जॉन्सन ह्यांनीं १७५५ सालीं आपला प्रख्यात कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेंत परकीयांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणून त्यांनीं ह्याच क्रियापदांचा उल्लेख केला आहे, आणि तीं वेंचून नोंदविण्याची आपण विशेष काळजी घेतली असेंहि म्हटलें आहे. गंमत अशी कीं त्यांना स्वतंत्र नांव मिळावयास पुढें पावणेदोनशें वर्षें जावीं लागलीं. 'फ्रेझल व्हर्ब' ही आज सर्वत्र रूढ झालेली संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ ह्यांच्या १९२५ सालच्या पुस्तकानें प्रचारांत आली. १९३० सालीं ऑग्डेन ह्यांनीं साऱ्या जगासाठीं 'बेसिक इंग्लिश' नांवाची साडेआठशें शब्दांची सोपी इंग्रजी तयार केली. तींत क्रियापदें अवघीं अठरा! १९४३ सालीं चर्चिलसाहेबांनीं हार्वर्ड येथील भाषणांत तिचा पुरस्कार केला. पण अठरा क्रियापदांत काम भागलें कसें? अर्थात् ह्याच इवल्या शब्दांच्या जिवावर. 'टॉलरेट' हा शब्द गाळला आणि त्याच्या जागीं 'पुट अप विथ' घातला, म्हणजे यादींतला एक शब्द वांचला खरा. पण शिकणाऱ्याला नवा अर्थ पाठ करावाच लागला. सोपेपणाचा हा हिशेब मला तरी फसवा वाटतो. अण्णांना शब्द चारच होते, आणि तेहि प्रत्येकी दोन-तीन अक्षरांचे.

आतां आपल्या घराकडे वळूं. संस्कृतांत एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार होतात हें आपणां सर्वांस शाळेपासून ठाऊक आहे. त्यावर अधिक वेळ घेत नाहीं. कमी ठाऊक असलेली गोष्ट ही कीं वेदांच्या भाषेंत हे उपसर्ग धातूला असे जखडलेले नव्हते. ते धातूपासून दूर राहूं शकत, मध्यें दुसरे शब्द येऊं शकत, क्वचित् धातूच्या मागेंहि ते येत. पाणिनीनें वेदांतील ही मोकळीक सूत्रें करून नोंदविली आहे आणि लौकिक संस्कृतांत मात्र उपसर्ग धातूच्या आधींच यावा असें सांगितलें आहे. म्हणजे एकेकाळीं दोन्ही भाषा एकाच चौकांत उभ्या होत्या. संस्कृतानें आपले लहान शब्द पुढें घट्ट चिकटविले, इंग्रजीनें पुढचे सोडून मागचे वाढविले.

आणि मराठीनें? मराठीनें ते गिळून टाकले. प्राकृतांतून येतां येतां उपसर्ग झिजले आणि धातूंत विरघळले. 'नी' धातूपासून आपलें 'नेणें' झालें. 'आ' लागून 'आणणें' झालें. 'परि' लागून 'परणणें', म्हणजे लग्न करणें, हा जुना शब्द झाला. आज कोणाला ह्या तिघांचें भावंडपण दिसतें? 'स्था' धातूपासून 'ठेवणें', त्याला 'उत्' लागून 'उठणें' आणि 'प्र' लागून 'पाठविणें'. 'सृ'पासून सरणें, पसरणें, ओसरणें. 'विकणें' आणि 'विसरणें' ह्यांतला 'वि' अजून ओळखूं येतो. पण 'बसणें' ह्याच्या पोटांत 'उप' हा उपसर्ग आहे असें सांगितलें तर पुष्कळांना थट्टा वाटेल. तरीहि 'उपविशति' ह्याचेंच झिजून 'बसतो' झालें आहे.

सर्वांत मौजेचा प्रवास 'उतरणें' ह्या शब्दाचा. ह्याच्या मुळाशीं 'उत्' आणि 'तृ' आहेत. 'तृ' म्हणजे तरणें, पाणी ओलांडणें. 'उत्' म्हणजे वर! 'उत्तरति' म्हणजे पाण्यांतून वर येतो, पैलतीराला लागतो. मग वर येणारा शब्द खालीं जाऊं लागला कसा? माझ्या कल्पनेनें ह्याचें उत्तर नदीच्या कांठावर आहे. नदी पार करणारा नावेंतून बाहेर पडतो, पाय जमिनीला टेकतो. नावेंतून उतरला तो गाडींतून उतरला, घोड्यावरून उतरला; वाहन सोडणें म्हणजे खालीं येणें. त्यांत 'अव' आणि 'तृ' मिळून झालेल्या 'अवतरति' ह्या खऱ्या खालीं येणाऱ्या शब्दाचीहि सरमिसळ झाली असावी. कसेंहि असो, 'पार उतरणें' ह्या आपल्या प्रयोगांत तो जुना पैलतीर अजून शिल्लक आहे.

उपसर्ग गिळल्यावर अर्थ फिरविण्याचें काम मराठीला दुसऱ्या साधनांनीं करावें लागलें. एक साधन विभक्तीचें. अण्णांचीं तीं बारवेच्या कांठावरचीं वाक्यें पुन्हा ऐका. तळापर्यंत उतरणें, नातलगाकडे उतरणें, मनांतून उतरणें, तोंड उतरणें. क्रियापद एकच आणि अर्थ चार. शिवाय पूर उतरतो, ताप उतरतो, भाव उतरतो, उन्हाळ्यांत वरण उतरतें. माल पसंतीस उतरतो, माणूस कसोटीस उतरतो. ह्यांत मला सर्वांत तीक्ष्ण वाटणारी जोडी म्हणजे 'मनांत' आणि 'मनांतून'. गोष्ट मनांत उतरली म्हणजे पटली, खोल गेली. मनांतून उतरली म्हणजे तिची किंमत गेली. मध्यें फरक एका 'ऊन' प्रत्ययाचा! इंग्रजी शिकणारा मुलगा 'गिव्ह अप' आणि 'गिव्ह इन' ह्यांवर डोकें आपटतो. त्याला कोणीं सांगत नाहीं कीं त्याची आई हेंच काम रोज चुलीपुढें बसून करीत आहे. 'लागणें' घ्या : हातीं लागणें, पाठीं लागणें, नादीं लागणें, मार्गीं लागणें. येथें मात्र इंग्रजीशीं एक भेद ध्यानांत ठेवावा. प्रत्यय चारहि ठिकाणीं एकच आहे; अर्थ फिरविला तो नामानें. इंग्रजींत तो इवला शब्द एकटा सारा भार वाहतो, आपल्याकडे नाम आणि प्रत्यय तो वांटून घेतात.

दुसरें साधन जोडक्रियापदाचें : सोडून देणें, देऊन टाकणें, निघून जाणें. त्याकडे शेवटीं येतों.

ह्या गोष्टींकडे आपल्या व्याकरणकारांनीं पाहिलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. परभणीकडच्या ह्याच मुलखांत, जेथें बोरीचे भास्करभट्ट आणि गंगाखेडची जनाबाई झाली, तेथें मराठींत ग्रंथ लिहिण्याची परंपरा जुनी आहे. महानुभाव पंथाच्या भीष्माचार्यांचें 'पंचवार्तिक' हा मराठीच्या व्याकरणाचा पहिला विचार समजला जातो. इंग्रजी अमलांत कॅरेसाहेबांचें व्याकरण १८०५ सालीं निघालें, मोल्सवर्थ ह्यांचा कोश १८३१ सालीं. मोल्सवर्थ ह्यांना आपल्या भाषेंतील ही खुबी बरोबर समजली होती. परकी मनुष्य असल्यामुळेंच समजली असेल. कारण जॉन्सन ह्यांना परक्यांची जी अडचण दुरून दिसली तीच मोल्सवर्थ ह्यांना स्वतः भोगावी लागली. 'लागणें', 'पडणें', 'येणें' अशा शब्दांखालीं त्यांनीं अर्थामागून अर्थ मांडले आहेत. दादोबा पांडुरंग ह्यांचें व्याकरण १८३६ सालचें आणि मोरो केशव दामले ह्यांचें १९११ सालचें. दोन्ही थोर आहेत. पण व्याकरणाचा सांचा एकीकडे संस्कृताचा आणि दुसरीकडे इंग्रजीचा. 'मनांतून' हें पंचमींत गेलें, 'कडे' शब्दयोगी अव्ययांत गेला आणि उरलेलें सारें 'वाक्प्रचार' ह्या नांवाखालीं शालेय पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर जाऊन पडलें. तेथें तें मुलांनीं पाठ करावयाचें आणि विसरावयाचें. भाषेचें जें चालतें यंत्र तें आपण अडगळीच्या खोलींत ठेवलें, असें माझें स्पष्ट मत आहे.

अण्णांची अडचण त्याहून एका पायरीनें खोल होती. हैदराबाद संस्थानांत १८८४ सालीं फारसीच्या जागीं उर्दू ही दरबारी भाषा झाली. १९१८ सालीं उर्दू माध्यमाचें उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. देशी भाषेंत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता हें कबूल केलें पाहिजे. परंतु वालूरच्या मुलाची ती देशी भाषा नव्हती. पुण्याच्या मुलाला तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेंतून इंग्रजी वाक्य थेट मराठींत आणतां येई. वालूरच्या मुलाला तें उर्दूंत न्यावें लागे आणि अर्थ मात्र मनांत मराठींतच लावावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. पुढें १९५८ सालीं मराठवाड्याचें स्वतःचें विद्यापीठ औरंगाबादेस झालें. अण्णांचा पेपर त्याच्या आधींच देऊन झाला होता.

उलट दिशेनेंहि कांहीं घडलें, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९०० च्या सुमारास हैदराबादहून मनमाडकडे जाणारी गोदावरी-खोऱ्याची रेल्वे सेलूवरून सुरू झाली. इंग्रज मनुष्य आगगाडींतून 'गेट ऑफ' होतो. आपली मंडळी मात्र इंग्रजी बोलतांनाहि सेलूला 'गेट डाउन' होतात! इंग्रजाच्या लेखीं 'गेट डाउन' हें झाडावरून किंवा शिडीवरून. साऱ्या हिंदुस्थानांत चालणारी ही इंग्रजी आपल्या 'उतरणें'ची, हिंदीच्या 'उतरना'ची, सावली आहे. शाळामास्तर तिला चूक म्हणतात. मला ती चूक म्हणवत नाहीं. जुन्या नावेंतून उतरलेला तो प्रवासी इंग्रजी रुळांवरहि आपल्याच रीतीनें पाय टेकतो. ह्याच्या उलट, 'मी तुझ्यासाठीं वाट पाहतों' असें जेव्हां आजचे सुशिक्षित म्हणतात, तेव्हां इंग्रजीचा 'फॉर' मराठींत विनाकारण घुसलेला असतो; आपण 'तुझी वाट' पाहतों, आणि तेवढें पुरतें. पहिल्या गोष्टीला हंसणारे लोक दुसरीकडे डोळेझाक करतात, ह्याचें मला वाईट वाटतें.

बारवेच्या कांठावर मीं अण्णांना ह्यांतलें थोडेंसें सांगितलें. मग आम्ही त्यांची ती जुनी पत्रिका दोघांनीं मिळून सोडविली, पण मराठींत. 'गिव्ह अप' म्हणजे काय, म्हणून मीं विचारलें. ते म्हणाले, "सोडून देणं." आणि थबकले. कारण 'देणं' त्यांत होतेंच. पन्नास वर्षांपूर्वीं लिहिलेला शब्द अगदींच चुकीचा नव्हता. इंग्रजींत देणें आधीं आणि अर्थ सांगणारा शब्द मागून, मराठींत अर्थ सांगणारा शब्द आधीं आणि देणें मागून. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणें. 'गिव्ह आउट' म्हणजे वांटून देणें, आणि पाणी किंवा बळ असेल तर सरणें. राहिलें 'गिव्ह इन'. त्यावर ते पुष्कळ वेळ अडले. खालीं बारवेंतल्या झुडपांकडे पाहत त्यांनीं दोनतीन शब्द घोळवून टाकून दिले. शेवटीं मीं सुचविलें, "नमतें घेणें."

अण्णा मोठ्यानें हंसले. म्हणाले, "म्हणजे साहेब देतो तिथं आपण घेतो! मग मास्तरांनीं दोन गुण कुणाचे कापले हो?"